सर्टिफिकेट कोणाचे, परीक्षा कोणाची, जागा कोणाची?

निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आयटीचा कोणता कोर्स लावू?" अलीकडे तो फक्त बारावी झालेली पोरे विचारत नाहीत. कंत्राटी शिक्षक विचारतात, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक विचारतात, आणि एमपीएससीचे पाच-सहा प्रयत्न करून वयोमर्यादेच्या काठाला आलेले पदवीधर विचारतात. त्यांच्या हातात कुठल्यातरी क्लासचे रंगीत माहितीपत्रक असते. त्यावर टाय लावलेली हसरी मुले आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. अटी मात्र खाली बारीक अक्षरात.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "आयटीत जात-बित काही नसते, स्किल असले की झाले." दुसरे, "सर्टिफिकेटने काही होत नाही रे, तिथे सगळे त्यांचेच लोक बसलेत." पहिले उत्तर भाबडे आहे आणि दुसरे घातक आहे, कारण ते पोरांना घरी बसवते. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना आपल्या समाजाचा कौशल्याशी असलेला इतिहास ठाऊक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो इतिहास समोर ठेवला तर कोर्स निवडण्याचा प्रश्न वेगळ्याच रीतीने विचारावा लागतो.

सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांपासून करू. गिरण्यांमध्ये आपले हजारो लोक होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. साचेवाल्याची मजुरी चांगली होती, म्हणून तर ती जागा राखून ठेवली गेली. कारण काय दिले जायचे? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, असा सवर्ण कामगारांचा सवाल होता. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. महाराच्या पोराला विणता येत नाही, असे कोणीच म्हणत नव्हते. म्हणणे शक्यही नव्हते, कारण विदर्भात महार समाज जाडेभरडे कापड विणण्यासाठीच ओळखला जात असे. कौशल्य होते. यंत्राजवळची जागा नव्हती.

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली झाली पाहिजेत ही मागणी तुमच्या यादीत नसेल, तर आमचे कामगार संपात का राहावेत? मागणी यादीत आली, पण नाइलाजाने. गिरणी मालकांनी तर हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्या कामगारांनीच केलेला आहे, असे त्यांचे उत्तर होते. मालक आणि सवर्ण कामगार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि खाते बंदच राहिले. आजही कंपनी म्हणते क्लायंटची अपेक्षा, मॅनेजर म्हणतो टीमचे कल्चर. ओळखीचे वाटते ना?

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. आपण ते वाक्य बॅनरवर छापतो, पण त्याच भाषणातला दुसरा तपशील विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा होऊ देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. वर्कशॉपमध्ये तो हमाल म्हणून चालतो, मेकॅनिक म्हणून चालत नाही, हेही सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर आयटी पार्कच्या गेटवर, कँटीनमध्ये आणि हाउसकीपिंगमध्ये आपण भरपूर आहोत.

आता येऊ या १९४२ कडे. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात ते उपलब्ध आहे आणि करिअर मार्गदर्शनाच्या सगळ्या शिबिरांत ते आधी वाचले पाहिजे. त्यातला युक्तिवाद असा : कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अनुसूचित जातींचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातले वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. पण ते महाग आहे, आणि महाग आहे म्हणूनच आपले पालक मुलांना कला आणि कायद्याकडे पाठवतात. म्हणून भारतात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी दोन लाख रुपये आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी मागणी त्यांनी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणतो, ती हीच.

पण निवेदनातली दुसरी मागणी जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असे बाबासाहेबांनी मागितले. म्हणजे नुसती फी माफ करा असे नाही, यंत्रासमोर उभे राहण्याची जागा द्या. मनमाडला ज्या वर्कशॉपचे दार बंद असल्याचे त्यांनी सांगितले होते, सत्तेत जाताच त्याच दाराला त्यांनी हात घातला. शिक्षण एकीकडे आणि काम शिकण्याची जागा दुसरीकडे, हा फरक त्यांना नेमका कळला होता. आपल्या समाजाने त्यातली शिष्यवृत्ती उचलली आणि वर्कशॉप सोडून दिले. याला आपणही जबाबदार आहोत. बी.ए., एम.ए., बी.एड. अशी रांग लावण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. (हे लिहिणाराही समाजशास्त्राचाच एम.ए. आहे, तेव्हा टोमणा घरातच मारलेला आहे.)

त्या पिढ्यांत ज्यांच्या घरात पहिला पगार आला, त्यातल्या अनेकांच्या घरात टायपिंगचे सर्टिफिकेट होते. मराठी ३०, इंग्रजी ४०. त्या सर्टिफिकेटने काम का केले, हे नीट पाहा. टायपिंगचा क्लास खाजगीच होता, एखाद्या माडीवर दहा-बारा खटखटणाऱ्या मशीनचा. पण परीक्षा क्लासवाला घेत नव्हता. ती शासकीय होती. आणि ज्या पदासाठी ते सर्टिफिकेट लागे, त्या लिपिक-टंकलेखकाच्या पदाला आरक्षण होते. क्लास कोणाचाही असो, परीक्षा तिऱ्हाइताची आणि जागा राखीव. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा सर्टिफिकेटचे घर झाले, भावंडांचे शिक्षण झाले.

संगणकाच्या बाबतीत ही साखळी तुटली. एनआयआयटी १९८१ मध्ये आली, ॲपटेक १९८६ मध्ये. मोठ्या शहरांत क्लासच्या शाखा निघाल्या. क्लास शिकवणार, क्लासच परीक्षा घेणार आणि क्लासच सर्टिफिकेट देणार. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली होतीच, तेव्हा पैसेवाल्यांना तिकडूनही वाट होती. खाजगी संगणक कोर्सचा बाजार इतका फोफावला की त्यांना काही मोजमाप लावण्यासाठी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला १९९० मध्ये 'डोएक' योजना आणावी लागली. ओ, ए, बी, सी या तिच्या पायऱ्या. आज ते काम नायलिट ही सरकारी संस्था पाहते. त्याच १९९० मध्ये मंडल लागू करण्याची घोषणा झाली आणि १९९१ मध्ये खाजगीकरण आले. नोकऱ्या जिथे आरक्षण नाही तिथे सरकू लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक आला. हा योगायोग म्हणावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परिणाम मात्र एकच झाला. क्लास खाजगी, परीक्षा खाजगी, जागाही खाजगी.

महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचली. तिने खेड्यातल्या पोरींच्या हातात माउस दिला, हे श्रेय द्यायलाच हवे. पण ती नोकरीची पात्रता-अट आहे, आयटीतले करिअर नव्हे. आजही काही पालक एमएस-सीआयटी म्हणजे "आयटी झाली" असे समजतात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

दरम्यान जगात वेगळाच प्रकार सुरू झाला होता. यंत्र आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच परीक्षा घेऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट १९९२ पासून, कॉम्पटियाची ए-प्लस १९९३ पासून, सिस्कोची सीसीएनए १९९८ पासून, रेड हॅटची १९९९ पासून आणि ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची २०१३ पासून. यात कंपन्यांचा धंदा आहे, याबद्दल शंका नको. पण शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, ही टायपिंगच्या काळातली गोष्ट इथे परत आली. पेपर संगणक तपासतो. रेड हॅटच्या परीक्षेत तर पर्यायी प्रश्नच नसतात. मशीन समोर ठेवतात आणि काम करून दाखवायला सांगतात. तिथे आडनावाचा उपयोग नाही आणि अडथळाही नाही.

आडनाव आडवे येते ते त्यानंतर. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यास मांडला. आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे म्हणणारे अधिकारी उमेदवाराला त्याची 'फॅमिली बॅकग्राउंड' आवर्जून विचारत होते. वडील काय करतात, कुठल्या भागात राहता. आणि सर्टिफिकेट कितीही मोठे असले तरी प्रश्न संपत नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्कोविरुद्ध दावा दाखल केला, त्यातला तक्रारदार दलित अभियंता आयआयटीचा होता. तो आरक्षणातून आला होता हे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले, असा त्यातला आरोप. कंपनीने आरोप नाकारले आणि दोन वरिष्ठांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला. पण ज्या कंपनीच्या सर्टिफिकेटसाठी आपली पोरे रात्र-रात्र जागतात, तिच्याच कार्यालयातला हा वाद आहे, हे माहीत असलेले बरे.

मग करायचे काय? सर्टिफिकेट सोडायचे? नाही. सर्टिफिकेट आपल्याला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेते, आणि जिच्या घरात आधी कोणी त्या खोलीपर्यंत गेलेले नाही तिच्यासाठी ते अंतर थोडे नाही. फक्त ते योग्य सर्टिफिकेट हवे. म्हणून क्लासच्या काउंटरवर पहिला प्रश्न फीचा विचारू नका. परीक्षा कोण घेणार, हे विचारा. "आमचेच सर्टिफिकेट मिळेल" असे उत्तर आले तर ती हजेरीची पावती आहे, तिच्यासाठी लाख रुपये मोजू नका. "कंपनीच्या परीक्षेची तयारी करून घेतो" असे उत्तर आले तर परीक्षेची फी धरून की सोडून, हे लेखी घ्या. एडब्ल्यूएसची सुरुवातीची परीक्षा साधारण १०० डॉलरची आहे, सीसीएनए ३०० डॉलरची. नापास झालात तर पुन्हा तेवढेच. आणि सीसीएनए, रेड हॅट, एडब्ल्यूएस यांची मुदत तीन वर्षांची असते, म्हणजे ही पदवी नव्हे, भाड्याने घेतलेले घर आहे. म्हणून सुरुवातीला एकच घ्यावे. पाच सर्टिफिकेट आणि अनुभव शून्य असा बायोडाटा पाहिला की मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते.

कर्जाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घरे इथे बुडतात. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून जो कागद पुढे सरकवला जातो, तो बहुतेक वेळा क्लासशी केलेला करार नसतो. ते एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते, मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर. कंपनी पूर्ण फी क्लासला आधीच देते. पुढे क्लास बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, प्लेसमेंट म्हणजे कॉल सेंटरच्या दोन मुलाखती निघाल्या, तरी हप्ता चालूच. भरला नाही तर नावावर थकबाकी चढते, आणि उद्या घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज मागायला गेलात की बँक दार लावते. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवू नका, असे आपल्या आज्यांना शिकवले गेले. आता अंगठा मोबाइलच्या ओटीपीवर उठतो. 'प्लेसमेंटची हमी' लेखी मागा, त्यात किती पगाराची, कोणत्या कामाची, न मिळाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे असू द्या. देत नसतील तर हमी नाही.

कोणती दिशा घ्यावी, यावर माझे मत सांगतो, पटले तर घ्या. सहा महिन्यांत 'डेटा सायंटिस्ट' किंवा 'एआय इंजिनिअर' करून देणाऱ्या जाहिरातींपासून बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी लांब राहावे. त्या जागांसाठी समोर अभियंते आणि संख्याशास्त्राचे पदव्युत्तर असतात. नेटवर्किंग, सिस्टिम सपोर्ट, लिनक्स या वाटा तुलनेने मोकळ्या आहेत आणि त्यांचा सराव घरच्या जुन्या लॅपटॉपवर होतो. लिनक्सला पैसे पडत नाहीत, आणि नेटवर्कचा सराव करायला सिस्कोचे पॅकेट ट्रेसर फुकट मिळते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतसुद्धा आहेत. आयआयटीच्या दारात आपल्याला कसे वागवले जाते हा विषय वेगळा, पण तिच्या सामग्रीवर जनतेचा पैसा लागलेला आहे, ती हक्काने वापरा. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, बारावीनंतर नायलिटची ओ लेव्हल आहे, बार्टीची मोफत प्रशिक्षणे असतात. क्लास लावण्यापूर्वी पुण्या-नाशकातल्या वीस-पंचवीस जाहिराती वाचून त्यात कोणत्या सर्टिफिकेटचे नाव वारंवार येते, हे वहीत मांडा. एवढे केले तरी माहितीपत्रकाची निम्मी जादू उतरते. परीक्षा इंग्रजीत असते, हे मात्र आधीपासून धरून चाला.

आता जागेचा प्रश्न. आयटीतल्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्या 'रेफरल'ने भरतात. आतला माणूस बाहेरच्या माणसाचे नाव सुचवतो. गिरणीत जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरायचा, त्याचीच ही इंग्रजी आवृत्ती. हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात आज आपलेही बांधव आहेत. पे बॅक टू सोसायटी म्हणजे १४ एप्रिलची वर्गणी आणि ६ डिसेंबरचे अन्नदान एवढेच असते का? वर्षाला एका होतकरू पोराचे नाव पुढे करणे, त्याची एक सराव मुलाखत घेणे, याला पैसाही लागत नाही. जात उघडी पडेल या भीतीने अनेक जण हे करत नाहीत. भीती खरी आहे, सिस्कोच्या दाव्याने ती दाखवून दिली. तरीही त्यांच्याकडे मागणे मागितलेच पाहिजे.

आणि एक कायदा आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात कलम ३-अ घातले गेले. त्यानुसार ठरवून दिलेल्या ट्रेडमध्ये शिकाऊ उमेदवारांच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किती जागा, हे त्या त्या राज्यातील लोकसंख्या लक्षात घेऊन ठरते. हा कायदा फक्त सरकारी कारखान्यांना नाही, खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे, पण खाजगी क्षेत्रातल्या प्रशिक्षणाच्या जागांचे आरक्षण पन्नास वर्षांपासून कागदावर आहे आणि ते आपल्या किती संघटनांना ठाऊक आहे? ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. 'कोपा' हा ठरवून दिलेल्या ट्रेडपैकीच एक आहे. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. शेवटी नोकरीची हमी नसते, हे खरे, पण हातात अनुभव असतो आणि स्वतंत्र परीक्षेचे राष्ट्रीय सर्टिफिकेट असते. १९४२ च्या निवेदनात छापखाना आणि रेल्वे वर्कशॉपच्या नावाने जे मागितले होते, तेच हे.

कंपनी माहिती अधिकारात येत नाही. शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणारे सरकारी कार्यालय येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिथे चारच गोष्टी विचारायच्या : आपल्या जिल्ह्यात किती आयटी आस्थापना नोंदल्या आहेत, गेल्या तीन वर्षांत प्रत्येकीने किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि कलम ३-अ न पाळणाऱ्यांवर काय कारवाई झाली. अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.